वाळवंटातली कोपी

मी राहते त्या वाळवंटातल्या शहरात नळाला चोवीस तास पाणी असतं. आमच्या गावी, केंदूरमध्ये, हे सांगितलं की मी थापा मारतेय असंच लोकांना वाटतं. पाऊस वर्षातून दोन-तीनदा, तोही रस्ता ओला होईल एवढाच. नदी नाही, ओढा नाही, विहीर नाही. तरी नळ सोडला की पाणी. समुद्राचं खारं पाणी गोडं करून घरोघरी देतात, असं मी समजावून सांगते. मग कुणीतरी म्हणतं, "आन् आपल्याकडं पाऊस पडूनबी टँकर," आणि विषय तिथंच मिटतो.

पाण्याची ही गंमत मला जरा जास्त कळते, कारण माझं लहानपण कोरड्यात आणि ओल्यात आलटून पालटून गेलं. वडील, म्हणजे आमचे आप्पा, मूळचे केंदूरचे, पण नोकरी पाटसच्या साखर कारखान्यात. पॅनमन होते ते. उसाचा रस आटवत न्यायचा आणि त्यात साखरेचा दाणा नेमका कधी धरला हे ओळखायचं, हे पॅनमनचं काम. आप्पा काचेच्या पट्टीवर थोडा पाक घेऊन दिव्यासमोर धरायचे आणि एक डोळा बारीक करून बघायचे. पुढं पुढं त्यांना तशी सवयच लागली. माझं प्रगतिपुस्तक असो की भाजीवाल्याची मेथी, डोळा बारीक केल्याशिवाय त्यांना काही दिसायचंच नाही. आम्ही कारखान्याच्या कॉलनीत राहायचो. बाजूनं कालव्याचं पाणी आणि बघावं तिकडं ऊस. मे महिन्यात केंदूरला गेलो की मात्र मी हंडा घेऊन टँकरमागं पळणाऱ्या पोरींत असायचे.

आमच्या घरात वर्षाचे दोनच भाग होते, सीझन आणि ऑफ सीझन. दिवाळीच्या सुमाराला कारखान्याच्या गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडली की सीझन सुरू. मग आप्पा पाळ्यांमध्ये बुडालेले. उन्हाळ्यात ऊस संपला, गाळप थांबलं की पट्टा पडला. लग्नकार्य, घराला रंग, दाढ काढणं, सगळं पट्टा पडल्यावर. माझं लग्नसुद्धा आप्पांनी पट्टा पडेपर्यंत अडवून धरलं होतं. सासरच्या, शिरूरच्या मंडळींना हा शब्द कळेना. त्यांना वाटलं, मुलीच्या बापाचं कोर्टात जमिनीच्या पट्ट्याचं काही अडकलंय.

लग्न होऊन मी शिरूरला आले. तिथल्या एका खाजगी दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायचं काम मिळालं. नवरा रांजणगावच्या एमआयडीसीत एसीच्या देखभालीला होता, कंत्राटावर. दर काही महिन्यांनी कंत्राट नवं, बॅज नवा, माणूस तोच. त्याच्या ओळखीतल्या एकानं वाळवंटातल्या त्या शहराचं विचारलं. एसीवाल्याला तिथं काय तोटा! माझंही काम तिथल्या दवाखान्यात होईल म्हणाला. आम्ही दोघं आठवडाभर शिरूरच्या घराच्या गच्चीवर बसून फायदे-तोटे बोलत होतो. खरं तर मी फायदे सांगत होते आणि तो मान डोलवत होता. जायची घाई मलाच झाली होती. आजवर मी सगळीकडं "ह्यांना नोकरी लागली म्हणून गेलो" असं सांगत आले, पण ते काही खरं नाही.

फायदे होतेच, आणि आहेत. उगाच गळा काढण्यात अर्थ नाही. दुपारपाळी संपवून मी एकटी बसनं घरी येते आणि एकदाही मागं वळून बघत नाही. ही कुणाची सून, कुठं चालली, एवढा उशीर का, असं विचारणारं कुणी नाही. रस्त्याला खड्डा शोधून सापडत नाही. लॅबमधली यंत्रं अशी, की शिरूरला दिवसभर लागायचं ते काम चहा होईस्तोवर हातात. आणि सगळ्यात मोठं सुख म्हणजे केस धुवायला पाण्याचा वार बघावा लागत नाही. पहिल्या महिन्यात मी रोज केस धुतले. काही कारण नव्हतं, धुता येतात म्हणून धुतले.

तोट्यांना नाव देणं जरा अवघड जातं. ऊन तर आहेच. चार-पाच महिने दिवसा बाहेर पाय टाकता येत नाही, खिडक्या बंद, मुलं घरात कोंडलेली. पण उन्हाचं आम्हाला एवढं काय? खरा तोटा मला फार उशिरा कळला. आमच्या इमारतीत म्हातारं माणूस नाही. एकही नाही. काम आहे तोवर राहायची परवानगी, काम संपलं की परतीचं विमान, असा तिथला कायदा. त्यामुळं लिफ्टमध्ये, बसमध्ये, दुकानात सगळीकडं हातीपायी धड माणसं. खोकत बसलेलं कुणी नाही, काठी टेकत कोपऱ्यापर्यंत जाऊन येणारं कुणी नाही. माझी मुलगी तिथंच वाढली. आप्पा आले तेव्हा ती आठ वर्षांची होती. आप्पांच्या हातावरची सैल कातडी ती दोन बोटांत धरून ओढायची आणि परत जागेवर जाते का बघायची. तिनं तसली कातडी जवळून पाहिलीच नव्हती.

आप्पांना मी नेलं, त्याला कारण घडलं होतं. निवृत्तीनंतर आई आणि आप्पा केंदूरला येऊन राहिले होते. मग आई गेली. मी एकुलती एक. आप्पा एकटे राहायला लागले आणि एका सकाळी मोरीत पाय घसरून पडले. उठता येईना. सकाळचं दूध न्यायला आप्पा आले नाहीत म्हणून शेजारच्या चाचांना दुपारी शंका आली, त्यांनी दार उघडून आत बघितलं. चार तास आप्पा ओल्या फरशीवर पडून होते. हाड मोडलं नाही एवढंच. मला फोनवर म्हणाले, "काय न्हाई झालं. फरशी गार हुती, बरं वाटलं."

मी फोन ठेवून लॅबच्या स्टोअररूममध्ये जाऊन रडले. आणि मग ठरवलं, आता आप्पा माझ्याजवळ राहणार. आधी तीन महिने या, आवडलं तर आईवडलांसाठी वर्षाची परवानगी मिळते, ती काढू, दरवर्षी वाढवू. आप्पा हो म्हणाले नाहीत आणि नाही पण म्हणाले नाहीत. बॅग भरली आणि आले.

पहिल्याच सकाळी मी उठले तर बाथरूममधला टब काठोकाठ भरलेला. बादल्या भरलेल्या. स्वयंपाकघरात कुकर, दोन पातेली, कढई आणि मुलीची शाळेची बाटली, सगळं भरून वर ताटल्या झाकलेल्या. आप्पा सोफ्यावर दमून बसले होते.

"पहाटं पाणी आलं हुतं," ते म्हणाले. "तुम्ही झोपल्याला. म्हणलं, जायच्या आत भरून ठिवावं."

मी कपाळावर हात मारला. समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण विश्वास बसला नाही. तीन महिने त्यांनी एक बादली भरलेली ठेवलीच. शिवाय गॅलरीत एसीचं पाणी ठिबकायचं, त्याखाली त्यांनी दुसरी बादली लावली. ते पाणी लिफ्टनं खाली नेऊन पार्किंगजवळच्या कडुनिंबाला घालायचे. त्या झाडाला आधीच नळी लावलेली होती. बिहारकडचा माळी त्यांना म्हणाला, "चाचाजी, इसको टाइम से पानी मिलता है." आप्पा म्हणाले, "मिलता हाय ना, मिलने दो. हमारा जादा का हाय." दोघांची चांगलीच गट्टी जमली.

दुपारी आप्पा काचेतून खाली बघत बसायचे. रणरणतं ऊन, रिकामा रस्ता, चिटपाखरू नाही. एकदा म्हणाले, "हितं बारा महिने ऑफ सीझन दिसतोय." मी हसले. मला वाटलं, रुळताहेत.

मग तो कोपीचा प्रकार झाला. मी भेंडी चिरत होते आणि आप्पा केंदूरच्या चाचांशी व्हिडिओ कॉलवर बोलत होते. चाचांनी घर कसं आहे म्हणून विचारलं असावं. आप्पा फोन चारी बाजूंनी फिरवून दाखवत म्हणाले, "ही बघा, कोपी झ्याक हाय पोरीची. बाविसाव्या मजल्याव."

कोपी! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ज्याला कारखान्याचा परिसर माहीत नाही त्याला कळणार नाही. सीझनला बीडकडून ऊसतोड कामगार यायचे. नवरा-बायकोची जोडी, ती मुकादमाच्या तोंडी एक कोयता. माणसं नाहीच मोजायची, कोयते मोजायचे. रस्त्यापलीकडच्या रानात त्यांच्या बांबूच्या आणि पाचटाच्या झोपड्या उभ्या राहायच्या, त्या कोप्या. पट्टा पडला की एका दिवसात कोप्या मोडून, भांडीकुंडी आणि कोंबड्या ट्रॅक्टरवर घालून सगळे गावाला. आम्ही कॉलनीतली पोरं स्वतःला फार शहाणी समजायचो. एकमेकांना चिडवायचं तर "कोपीतली" म्हणायचो. माझ्या वर्गात त्यांची एक मुलगी चार महिने माझ्या शेजारी बसली होती. एकदा तिनं मला कोपीत नेलं. आत सारवलेलं, चूल पोतेऱ्यानं पुसलेली, पत्र्याच्या पेटीवर घडी केलेल्या गोधड्या. आमच्या घरापेक्षा नीटनेटकं होतं. "गावाकडच्या घरात कोण असतं?" मी विचारलं. "आज्जी असती. घर राखायला कोणतरी पायजे ना," ती म्हणाली. मी घरी येऊन आईला सांगितलं नाही, कारण आईनं ओरडून अंघोळ घातली असती.

आणि आता माझा बाप माझ्या संगमरवरी फरशीच्या, तीन एसींच्या घराला कोपी म्हणत होता.

"आप्पा, कोपी काय म्हणता? लोक काय म्हणतील?"

"मंग काय म्हणू? घर तुझं शिरूरला, न्हाई तर केंदूरला. हितं काम हाय तवर ऱ्हायाचं. काम संपलं की बांधाबांध. त्याला कोपीच म्हणत्यात."

"म्हणजे आम्ही तोडीवाले?"

"मंग? तुम्ही दोघं मिळून एक कोयता." माझी मुलगी खदाखदा हसायला लागली. तिला तो शब्द फार आवडला. आप्पा मात्र हसत नव्हते. "आन् तोडीवाल्याला नावं का ठिवतीस? त्यो नसता तर माझ्या पॅनमधी काय आटलं असतं, हवा? फरक येवढाच, तोडीवाल्याला ठाऊक असतं पट्टा पडणार म्हणून. गडी तसा तयारीत असतो. तुमचा कवा पडणार?"

मी भेंडी फोडणीला टाकली आणि तिच्याकडं लक्ष असल्याचं दाखवलं. त्या दिवशीची भेंडी करपली.

चिडून झाल्यावर दोन-चार दिवसांनी मला मान्य करावं लागलं की माणूस बरोबर बोलतोय. आम्ही शिरूरहून आणलेल्या बॅगा अजून पलंगाखालीच होत्या, कपाटावर गेल्या नव्हत्या. भिंतीला खिळा ठोकला नव्हता, डाग पडला तर सोडताना भरून द्यावा लागतो म्हणून. मुलीच्या वर्गातून दर उन्हाळ्यात दोन-तीन पोरं कायमची जायची आणि ती आता रडतही नव्हती. हे सगळं मला दिसत होतं, आणि तरी परत जावं असं मला वाटत नव्हतं. शिरूरच्या त्या लॅबमध्ये, पुन्हा त्या कुणाची सून कुठं चालली या प्रश्नात, मला जायचं नव्हतं. माझ्या हिशेबानं यातून एकच वाट होती, आप्पांनी इथं राहावं. म्हणजे मला काहीच सोडावं लागणार नव्हतं.

तीन महिने संपत आले तेव्हा माझी वार्षिक सुट्टी लागली. नवऱ्याला आणि मुलीला मागं ठेवून मी आप्पांना घेऊन निघाले. वर्षाच्या परवानगीचा अर्ज पर्समध्ये होता. त्यांची सही आणि तब्येतीचा दाखला एवढं झालं की परतताना त्यांना बरोबरच आणायचं. शिरूरला सासरी दोन दिवस राहिलो. मी गाडी करू म्हणत होते, पण आप्पांना एस्टीच हवी. पंचाहत्तरी उलटल्यामुळं त्यांना प्रवास फुकट आणि मी बाई म्हणून अर्ध्या तिकिटात. कंडक्टरला आधार कार्ड दाखवताना त्यांची छाती फुगली होती. वाटेत पाबळपर्यंत ते खिडकीबाहेर बघत प्रत्येक शेताचं काय चाललंय ते मला सांगत होते. तीन महिन्यांत मी त्यांना एवढं बोलताना ऐकलं नव्हतं.

केंदूरला घर उघडलं, झाडलं, चहा केला. चाचा येऊन भेटून गेले. मग मी अर्ज आप्पांच्या पुढं ठेवला आणि पेन दिलं.

त्यांनी पेन घेतलं नाही. "न्हाई पोरी. मी हितंच बरा."

"बरा? चार तास मोरीत पडला होतात. चाचा आले नसते तर?"

"आले की."

"दरवेळी येतील?" माझा आवाज चढला. "तिथं मला सुचत नाही तुमच्या काळजीनं. मग मी काय करू सांगा. नोकरी सोडून येऊ का इथं?"

हा प्रश्न मी उत्तर मिळावं म्हणून विचारला नव्हता. आपल्याकडं त्याचं उत्तर ठरलेलं असतं. छे छे, तुम्ही तुमचं बघा, आमचं काय, आमचं झालं आता, असं आईबाप म्हणतात. मग लेकीनं डोळे पुसायचे, पाया पडायचं आणि मोकळ्या मनानं विमानात बसायचं. मला तेवढंच हवं होतं.

आप्पा म्हणाले, "ये."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय?"

"ये म्हणलं. शिरूरला ऱ्हावा. तुमचं घर हाय, दोघांच्या हाताला काम हाय. पगार कमी पडंल. पर ये."

मी इतकी गडबडले की जे बोलू नये ते बोलले. "तुम्ही नव्हता का गेलात पाटसला? आबांना इथं एकटं ठेवून? तेव्हा तुम्हाला कुणी अडवलं होतं?" आबा म्हणजे त्यांचे वडील. मी त्यांना पाहिलेलंही नाही.

आप्पांनी कप खाली ठेवला. "गेलो की. आबा गेले तवा मी पॅनवर हुतो. पाक मधीच सोडता येत न्हाई, दुसरा गडी येस्तोवर थांबलो. हितं पोचलो तवा समदं उरकल्यालं." मग म्हणाले, "आबांनी मला जल्मात कधी ये म्हणलं न्हाई. दर खेपंला म्हणायचे, तू तुजं बग, मला काय धाड भरलीया. मीबी खूश. बापच म्हणतोय म्हणल्याव काय!"

"आणि ये म्हणाले असते तर? आला असता?"

"काय ठाऊक. नसतो बी आलो. पर मंग न आलेलं माझं मला कळलं असतं. त्यांनी ते मला कळूच दिलं न्हाई." त्यांनी अर्जाची घडी घातली आणि माझ्या पर्सवर ठेवली. "मी तसं न्हाई करायचा. मला एकट्याला करमत न्हाई पोरी. तुझ्याकडंबी करमलं न्हाई. म्हणून सांगतोय, तू ये."

आप्पांनी कपबश्या उचलल्या, मोरीशी नेल्या आणि हळू, एका हातानं भिंत धरून, विसळल्या.

त्याला आता दीड वर्ष होऊन गेलं. मी वाळवंटातच आहे. काम तेच, घर तेच, नळाला चोवीस तास पाणी. आप्पांना रोज फोन करते. त्यांनी पुन्हा तो विषय एकदाही काढलेला नाही, आणि मीही नाही. सुट्टीला शिरूरला गेले की नात्यातल्या बायका विचारतात, वडलांना का गं नेत नाहीस तिकडं? मी सांगते, किती हातापाया पडले, पण ते यायलाच तयार नाहीत. म्हातारी माणसं अशीच, गाव सुटत नाही त्यांना, असं म्हणून त्या हळहळतात आणि माझी पाठ थोपटतात. मी त्यांना थोपटू देते. आप्पांनी मला बोलावलं होतं, हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.